रिकामा काटा

“सिस्टर, तुमचा काटा दीड किलो खोटं बोलतोय,” माझा नवरा काट्यावर उभ्या उभ्याच म्हणाला.

सिस्टरने मान वर केली नाही. “साडेएकोणपन्नास. उतरा खाली. प्रत्येकालाच वाटतं काटा खोटा आहे.”

“मला वाटत नाही, मला दिसतंय. शून्यावर नीट उभा राहतो, भार पडला की पुढे पळतो. आतली पट्टी वाकलीय.”

“काटेवाले आहात का तुम्ही?”

“हो.”

रांगेतली दोघंतिघं हसली. तोही हसला. मात्र हसताना त्याचा डावा हात शर्टाखालच्या फुगवट्यावर गेला. त्या फुगवट्याखाली प्लास्टिकची पिशवी होती आणि पिशवीखाली त्याच्या आतड्याचं टोक, पोटाच्या भिंतीतून बाहेर काढून शिवलेलं. खोकताना, वळताना, हसताना हात तिथे जायचाच. सहा आठवड्यांत ही सवय त्याच्या चेहऱ्यासारखीच त्याची होऊन गेली होती.

तो खरोखरच काटेवाला होता. चौदा वर्षं दुकानोदुकानी, गोदामोगोदामी फिरून वजनकाटे दुरुस्त करायचा, तपासायचा आणि खाली सही-तारखेची चिठ्ठी चिकटवायचा. त्याच्याकडे एक लाकडी पेटी होती. तिच्यात प्रमाण वजनं, प्रत्येक वजन मऊ कापडात गुंडाळलेलं. त्यांना उघडा हात लावायचा नाही, हाताचा घाम बसला तरी वजन बदलतं, असा त्याचा नियम होता. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात मी आवराआवर करताना वीस किलोचं वजन नुसत्या हाताने उचललं होतं. तो माझ्यावर ओरडला असेल तर तेवढ्या एकाच वेळी. मग संध्याकाळी शेजारी येऊन बसला आणि समजूत काढल्यासारखा म्हणाला, “अगं, रिकामा काटा सगळ्यांचाच सरळ असतो. खोट कळते ती वजन ठेवल्यावर. आणि ते वजनच खोटं निघालं, तर मग माणसाने धरायचं कशाला?”

अपघात साधाच झाला. गोदामातल्या मोठ्या काट्याखाली तो वाकून काम करत होता. टेकू निसटला आणि लोखंडी तरफेचं टोक पोटात बसलं. बाहेरून ओरखडाही नव्हता. तो बसने घरी आला, थोडं जेवला, ठमीला मांडीवर घेतलं. ठमी म्हणजे आमची मुलगी, तेव्हा पाच महिन्यांची. दुसऱ्या दिवशी दुपारी तो पांढराफटक पडला आणि पोट लाकडासारखं झालं. आतडं फाटून आत सगळी घाण पसरली होती. मी रोज झोपलेल्या ठमीचे श्वास मोजणारी बाई, गॅस बंद केलाय का हे दोनदा बघणारी. आणि माझ्या डोळ्यांदेखत हा माणूस अख्खी रात्र आतून फुटलेल्या पोटाने शेजारी झोपला होता. ते मला अजून पचलेलं नाही.

सर्जनबाई बुटक्या, तुटक बोलणाऱ्या. त्यांनी पोट दाबून पाहिलं, टाके पाहिले.

“डॉक्टर, हे बंद कधी करायचं?” त्याने विचारलं. दर वेळी तो हेच विचारायचा.

“घाई कसली? पिशवीने तुम्हाला वाचवलंय.”

“वाचवलंय, पण आता ती घरजावई होऊन बसलीय.”

बाईंना हसू आलं. मग त्यांनी खुर्ची आमच्याकडे वळवली. “हे बघा, मी दोन गोष्टी बघते. एक कॅलेंडर आणि एक तुम्ही. कॅलेंडरवर तीन महिने व्हायलाच हवेत. आत सगळं सुजून एकमेकाला चिकटलेलं असतं, ते सुटं व्हायला वेळ लागतो. लवकर पोट उघडलं तर नवीनच काहीतरी फाटायचं. पण नुसते तीन महिने भरले म्हणून मी हात लावणार नाही. अंगात टाके धरायची ताकद नसेल तर जोडलेलं आतडं आतल्या आत सुटतं. मग पुन्हा पहिल्यापासून. अपघाताआधी किती होतात?”

“बासष्ट.”

“पंचावन्न करून या. रक्तातली प्रथिनं वाढवा, औषध आत सोडून एक एक्स-रे काढू, मग बंद करू.”

“पंचावन्न कुठल्या काट्यावर? तुमच्या की खऱ्या?”

सर्जनबाईंनी दाराबाहेरच्या काट्याकडे पाहिलं. “तुमच्या घरी आहे ना काटा? त्यावर करा. दर रविवारी लिहून ठेवा.” माझ्याकडे बोट केलं. “यांना लिहू दे.”

घरचा काटा म्हणजे एका बंद पडलेल्या दवाखान्याने भंगारात काढलेला, वर उभं राहायचा. ठमीच्या वेळी मला दिवस गेले तेव्हा त्याने तो उघडून, घासूनपुसून माझ्यासाठी नवा केला होता. मी वही आणली. दोन रकाने केले, एक त्याचा, एक ठमीचा. ठमीला घेऊन मी काट्यावर उभी राहायची, मग एकटी, आणि वजाबाकी करायची. माझा आकडा फक्त वजाबाकीपुरता. वहीच्या मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलने लिहायचा आणि खोडायचा.

“मास्तरीणबाई, आज किती मार्क पडले?” तो दर रविवारी विचारायचा.

अठ्ठेचाळीस. एकोणपन्नास. पन्नास. मी सकाळी दोन अंडी, दुपारी दोन अंडी, मध्ये दूध असं वेळापत्रक दाराला चिकटवलं. पिशवीच्या चकतीला कात्रीने भोक पाडायला शिकले. एका मिलिमीटरचा फरक झाला तर कातडी सोलते. सासूबाई सुरुवातीला तोंड फिरवायच्या, मग एक दिवस मला ताप होता तेव्हा स्वतःच हातमोजे घालून बसल्या. “याचं लहानपणी सगळं केलंच की मी. तेव्हा वेगळ्या जागेवरून यायचं एवढंच.” त्या टोकाला आवाज आवरता येत नाही. शांत खोलीत ते मध्येच मोठ्याने वाजायचं आणि ठमी खिदळायची. सासूबाई म्हणायच्या, “बापलेकीत पैज लागलीय.” अशा वेळी आम्ही चौघंही हसायचो. मला वाटायचं, निघतील हे दिवसही.

दहाव्या आठवड्यात त्याने पुन्हा थोडं काम सुरू केलं. वजन उचलायचं नाही, फक्त दुकानातले छोटे काटे. सासूबाई दारात उभ्या राहिल्या. “पोटाला भोक आणि निघाला लोकांचे काटे सरळ करायला.”

“आई, घरात बसून बसून माझाच काटा वाकडा होईल.”

सकाळी दहाला गेला तो साडेअकराला परत आला. तडक न्हाणीघरात शिरला. बराच वेळ पाणी पडत होतं. बाहेर आला तेव्हा अंगावर दुसरे कपडे होते. आधीचे त्याने स्वतः धुऊन वाळत घातले होते. ते त्याने कधीच केलं नव्हतं.

“गळली का पिशवी?” मी विचारलं.

“थोडीशी.”

“दुकानात?”

“रस्त्यात.” माझ्याकडे न बघता तो म्हणाला. “चकती नीट बसली नव्हती.”

चकती मीच बसवली होती. आठवडाभर मी भोक पाडताना कात्री दोनदा मोजपट्टीला लावून बघत होते. त्याला पुन्हा कामाला जा म्हणून कोणी म्हटलं नाही आणि तोही म्हणाला नाही. त्या रविवारी वजन साडेएक्कावन्न. पुढच्या रविवारीही तेवढंच. अंडं समोर ठेवलं की तो खिडकीबाहेर बघायचा.

मग एका दुपारी मी ठमीला झोपवून बाहेर आले तर तो जमिनीवर बसला होता. पुढ्यात घरचा काटा उताणा, हातात पेचकस.

“काय झालं त्याला?”

“काही नाही. खूप दिवस झाले, साफ करतोय.”

मला काय आनंद झाला होता. इतक्या दिवसांनी पेचकस हातात धरलेला बघून मी त्याच्यासाठी चहा ठेवला. चहा घेताना त्याने काटा सुलटा केला, बोटाने काच पुसली. सुई बरोबर शून्यावर होती.

त्या रविवारी साडेबावन्न. पुढच्या रविवारी चोपन्नच्या जवळ. आणि चौदाव्या आठवड्यात, मी दोनदा उतरवून दोनदा चढवलं, पंचावन्न. मी आकड्याभोवती वर्तुळ काढलं. मागच्या पानावर माझा आकडा सत्तेचाळीस होता. तो गेले दोन महिने सत्तेचाळीसच होता. चला, मी तरी जागच्या जागी आहे, असं म्हणून मी तो खोडला.

त्याच आठवड्यात ठमीला लस द्यायला आरोग्य केंद्रात नेलं. तिथल्या काट्यावर ती आठ किलो भरली. घरी साडेआठच्या जरा अलीकडे भरली होती. घरी येऊन मी तिचे दंड चाचपले, फासळ्या मोजल्या.

“अरे, ही उतरलीय चार दिवसांत. दूध पुरत नसेल का माझं?”

तो वर्तमानपत्र बघत होता. पान उलटलं नाही. “घरी कपड्यांसकट केलं असशील.”

“मी कधी कपड्यांसकट करते?”

“मग लंगोट ओला असेल. काही उतरली नाहीये ती. माझं ऐक.” मग वर्तमानपत्र खाली ठेवून उठला आणि झोपलेल्या ठमीला उगाच उचलून घेतलं. ती रडायला लागली तरी खाली ठेवेना.

सर्जनबाईंनी एक्स-रे पाहिला. खालचा मार्ग मोकळा होता. रक्ताचा कागद पाहिला आणि ओठ मुडपले. “प्रथिनं अजून काठावरच आहेत. मला विचाराल तर आणखी सहा आठवडे थांबावं.”

“वजन झालंय,” तो म्हणाला. “दाखव ना वही.”

मी वही पुढे केली. त्यांनी पानांवरून बोट फिरवलं. “तीन आठवड्यांत साडेतीन किलो? छान. सुरेख ठेवलीय वही.” थोडा वेळ त्या रक्ताचा कागद एका हातात आणि वही दुसऱ्या हातात धरून बसल्या. मग रक्ताचा कागद खाली ठेवला. “शरीर धरायला लागलंय म्हणजे. प्रथिनं येतील मागोमाग. करू या.”

दारातून बाहेर पडताना सिस्टर त्याला म्हणाली, “काटेवाले, आमचा काटा कधी दुरुस्त करणार?”

“बंद झालं की लगेच,” तो म्हणाला.

ऑपरेशन झालं. पोटाला आता फक्त शिवण होती. चार दिवस तो सारखा चादर उचलून तिथे बघायचा. सासूबाईंना म्हणाला, “बघ, सपाट.” पाचव्या दिवशी संध्याकाळी थंडी वाजून आली. सहाव्या दिवशी शिवणीतून जे बाहेर आलं त्याचा वास मला साडेतीन महिने ओळखीचा होता. मी सिस्टरला हाक मारायच्या आधीच मला कळलं होतं.

दुसरं ऑपरेशन सकाळी झालं. मग अकरा दिवस काचेच्या दारापलीकडे. घरी आणला तेव्हा पिशवी उजव्या बाजूला होती, आधीच्यापेक्षा वर, आणि तिच्यात पाण्यासारखं सतत येत राहायचं. सर्जनबाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितलं होतं, “सगळं बरोबर असलं तरी काही जणांचं सुटतंच. स्वतःला दोष देऊ नका. मात्र आता वर्षभर हा विषय काढायचा नाही. नंतर बघू.” ते ‘बघू’ म्हणताना त्यांनी फाइल बंद केली होती.

महिन्याने पुन्हा ठमीच्या लसीचा दिवस आला. केंद्रातल्या काट्यावर नऊला थोडी कमी. घरी सकाळीच मी नऊच्या बरंच पुढे पाहिलं होतं. या वेळी मी तिथल्या बाईंना म्हटलं, “तुमचा काटा तपासलेला आहे का?”

“हा काय.” त्यांनी काट्याची कड दाखवली.

तिथे चिठ्ठी होती. खाली तारीख, अपघाताच्या दोन आठवडे आधीची, आणि माझ्या नवऱ्याची सही.

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. दोन काटे. दोन्ही त्याच्या हातचे. दोघांपैकी एक खोटं बोलतोय.

तो पलंगावर भिंतीला टेकून बसला होता. सासूबाई ठमीला घेऊन शेजारणीकडे गेल्या. मी लाकडी पेटी ओढली. वीस किलोचं वजन कापडासकट दोन्ही हातांनी उचललं, मणक्यात कळ गेली, आणि त्याच्यासमोर ते काट्यावर ठेवलं. सुई निघाली आणि एकवीसवर जाऊन थांबली.

त्याने सुईकडे पाहिलं.

“वजन खरं आहे ते,” तो म्हणाला. “वीसच आहे.”

“मग खोटं काय आहे?”

त्याने पिशवीवर हात ठेवला. “तीनदा फिरवला स्क्रू. थोडा थोडा. एकदम फिरवला असता तर तुला कळलं असतं.”

“कशासाठी?”

“त्या दिवशी रस्त्यात नाही गळली. किराणावाल्याच्या दुकानात, गल्ल्यासमोर. मी वाकलो होतो, पारड्यावरच सांडलं. चौदा वर्षं ओळखतो मला तो. काही बोलला नाही. फडकं दिलं, पाणी दिलं. म्हणाला, होतं असं. मी बाहेर पडलो आणि पेचकस राहिला म्हणून परत वळलो. तर त्याने ते पारडं काढून रस्त्यावर टाकलं होतं. चांगलं पितळी पारडं. धुतलं असतं तरी चाललं असतं.” तो थांबला. “मला एक दिवससुद्धा थांबायचं नव्हतं मग.”

“आणि मला बाईंसमोर वही दाखवायला लावलीस.”

“हो.”

“ठमी उतरली म्हणून मी रात्रंदिवस रडले. दूध पुरत नाही म्हणून वरचं सुरू केलं.”

त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही. नुसता चेहरा वितळल्यासारखा खाली आला. मला ओरडायचं होतं. मला विचारायचं होतं की पंचावन्नमधले ते खोटे अडीच किलो खरे असते तर आतडं सुटलं नसतं का. पण ते सर्जनबाईंनाही सांगता आलं नसतं. त्या प्रश्नाला कुठलाच काटा नाही.

“पेचकस दे,” तो म्हणाला.

तो पलंगावरून खाली उतरला. भिंत धरून, मग खुर्ची धरून जमिनीवर बसला, पोट एका हाताने सावरत. मी मदत केली नाही. त्याने काटा उताणा केला. पेचकस दोनदा खाचेतून सुटला. स्क्रू फिरवला, काटा सुलटा केला, कापडाने धरून वजन ओढायला लागला तेव्हा मात्र मी ते त्याच्या हातातून घेतलं आणि ठेवलं. साडेवीस. काढलं. पुन्हा पेचकस. वीस.

“उभी राहा,” तो म्हणाला.

“मी कशाला?”

“वीसवर बरोबर आला म्हणजे पुढेही बरोबर असतोच असं नाही. जास्त भार हवा. मला उभं राहवत नाहीये.”

मी उभी राहिले. तो काचेवर वाकला. मला वरून फक्त त्याचा टाळू दिसत होता, विरळ झालेला.

“सकाळी किती होतीस?”

“पंचेचाळीस.”

“आणि त्याआधी?”

“सत्तेचाळीस. कायम सत्तेचाळीसच.”

तो बराच वेळ काच बघत राहिला. मी खाली वाकून पाहिलं. सुई त्रेचाळीसच्याही अलीकडे होती. म्हणजे तो काटा चढवत होता तेव्हा मी उतरत होते. त्याने वाढवलेलं माझं घटलेलं झाकत होतं आणि आकडा हलत नव्हता.

“उतर,” तो हळूच म्हणाला. मग म्हणाला, “वही आण.”

त्याने वही मांडीवर घेतली. वर्तुळ केलेला पंचावन्न सापडेपर्यंत पानं उलटली. ते पान, त्याआधीची दोन आणि त्यानंतरची सगळी भरलेली पानं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, त्याने तिरकी रेघ मारून रद्द केली. प्रत्येक रेघेखाली ‘काटा सदोष’ असं लिहून सही केली आणि तारीख घातली, दुकानात करायचा तशी. “बाईंना हे दाखव. मी येतो बरोबर. मीच सांगतो.”

मग पुढचं कोरं पान काढलं. त्याचा रकाना, ठमीचा रकाना. पेन्सिल हातात धरून तो पान मागेपुढे करत राहिला.

“तुझा कुठे लिहितेस?”

“मागच्या पानावर. खोडून टाकते.”

त्याने मागचं पान उघडलं. तिथे नुसता खोडरबराने घासून घासून करडा झालेला, कागद पातळ पडलेला चौकोन होता. त्यावरून त्याने बोट फिरवलं. मग पुन्हा पुढच्या पानावर येऊन, मोजपट्टी न घेता, तिसरा रकाना ओढला. रेघ वाकडी आली. पिशवीतून आवाज आला. आम्ही दोघांनीही ऐकला आणि कोणी हसलं नाही. त्याने रकान्यात साडेबेचाळीस लिहिलं, पेनने.